बोरू, दप्तर आणि उमेदवारी : मराठी कारकुनी पेशाच्या स्थित्यंतराचा विचार

१

पेशवाई संपली तेव्हा राज्य कोणाचे गेले, जहागिरी कोणाच्या बुडाल्या आणि नेमणुका कोणास मिळाल्या, याविषयी आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे. ज्यांनी ते राज्य रोजच्या रोज कागदावर उतरविले, त्या कारकुनांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. तो विचारण्याजोगा आहे. काम पालटले, कामाची साधने पालटली, धनी पालटला, तरी पोट तेच राहिले, अशा स्थितीत माणसे काय करतात याचे एक सलग दोनशे वर्षांचे उदाहरण कारकुनी पेशात सापडते. शिवाय हा पेशाच लेखनाचा असल्यामुळे त्याच्या स्थित्यंतराच्या खुणा भाषेत जशाच्या तशा राहिल्या आहेत. प्रस्तुत लेखक भाषेचा अभ्यासक आहे, इतिहासाचा नव्हे. म्हणून येथे मुख्यतः शब्दांच्या साक्षीनेच हा विचार मांडावयाचा आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट करणे इष्ट होईल. कारकुनाचे कसब हे एकजिनसी नव्हते. त्याला तीन अंगे होती. पहिले अंग हाताचे : मोडीचे वळण, बोरूची चाल, न थांबता लिहिण्याचा वेग. दुसरे अंग परिभाषेचे : कोणास कोणता मायना लिहावा, तिथी कशी घालावी, कोणत्या प्रकारच्या कागदास काय म्हणावे. तिसरे अंग माहितगारीचे : हा कागद कोणत्या कागदावरून उतरला, त्याचा पडताळा कोठे मिळेल, त्यातील आकडा खरा की सोयीचा, हे ओळखण्याची दृष्टी. काळ पालटला तेव्हा ही तिन्ही अंगे एकदम गेली नाहीत. प्रत्येक आपापल्या गतीने गेले. ज्याला लोक कारकुनी म्हणत ते पहिले अंग आज पेशा म्हणून उरलेले नाही. तिसरे अंग मात्र अद्याप जिवंत आहे. हा क्रम का लागला, आणि तो सर्वांसच का लागू पडला नाही, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

कारकून हा शब्द फारसी आहे. ‘कार’ म्हणजे काम आणि ‘कुन’ म्हणजे करणारा. दप्तर हा शब्दही फारसीतून आला, पण त्याचे मूळ त्याहून मागे, चामडे या अर्थाच्या एका ग्रीक शब्दात आहे. लेखनाचे साधन पालटले तरी नाव कसे टिकते याचे हे जुने उदाहरण. पेशवाईतील पुण्याचे हुजूर दप्तर हे या पेशाचे मुख्य पीठ होते. एकबेरीज दप्तर आणि चालते दप्तर हे त्याचे प्रमुख भाग. रोजकीर्द, घडणी, खतावणी, ताळेबंद, तरजुमा, बेहेडा ही तेथील कागदांची नावे. नाना फडणीस यांच्या अमदानीत (त्यांचा मृत्यू १८०० मध्ये झाला) या दप्तरास शिस्त लागली. त्याच्या भरभराटीच्या काळी तेथे दोनशेहून अधिक कारकून राबत होते.

हे काम शिकविणारी शाळा नव्हती. मुलाने धूळपाटीवर अक्षरे काढावी, मग कित्ता गिरवावा, आणि हात बसला की वडिलांच्या किंवा एखाद्या आप्ताच्या मागे कचेरीत जाऊन बसावे. अशा मुलास ‘उमेदवार’ म्हणत. उमेद म्हणजे आशा. जागा मिळेल या आशेने पदरमोड करून राबणारा तो उमेदवार. त्यास वेतन नसे, किंवा असलेच तर नाममात्र असे. नकला करणे, रुमाल बांधणे आणि सोडणे, वडीलधाऱ्या कारकुनांची बोलाचाली ऐकणे हेच त्याचे शिक्षण. ही उमेदवारी वर्षानुवर्षे चाले. ती ज्याच्या घरी दोन वेळचे अन्न होते आणि ज्याचा कोणी आप्त आधीच दप्तरात होता, त्यासच परवडणारी होती. या गोष्टीचे महत्त्व पुढे दिसून येईल.

उमेदवारास जे शिकावे लागे त्याचा अवघडपणा आज सहसा लक्षात येत नाही. कालगणनेचेच घ्या. पेशवाईच्या कागदावर सुहूर सन अरबी संख्यावाचकांनी लिहिला जाई. ‘इसन्ने समानीन मया व अलफ’ म्हणजे दोन, ऐंशी, शंभर आणि हजार, एकूण ११८२. त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इ. स. १७८१-८२ हे वर्ष निघते. सनाचा आरंभ मृगापासून, महिने मात्र मुसलमानी, आणि चंद्र-तारखेच्या आधी ‘छ’ हे अक्षर. तीन परंपरांची ही कालगणना कारकून बोटांवर खेळवीत असे. मायन्यांची गोष्टही तशीच. ज्यास लिहावयाचे तो वडील की धाकटा, सरदार की सावकार, शास्त्री की पाटील, यावरून पत्राचा आरंभ आणि शेवट ठरे. त्यात चूक झाली तर ती लेखनाची चूक मानली जात नसे. तो अपमान ठरे.

३

या पेशाची जुनी चौकट कोणती होती हे आपली आडनावेच सांगतात. चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस या नावांतील ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. त्यांच्या जोडीला दप्तरदार, मुजुमदार, कुलकर्णी, देशपांडे. काम माणसास चिकटले, माणसाकडून घराण्यास चिकटले, आणि काम सुटून गेल्यावरही नाव उरले. वतन या संस्थेचा हा सहज परिणाम होता. अरबीत ‘वतन’ म्हणजे राहण्याचे ठिकाण, स्वदेश. मराठीत त्याचा अर्थ वंशपरंपरेने चालणारा हक्काचा अधिकार आणि त्याबद्दलचे उत्पन्न असा झाला. वतन वाटले जाई, विकले जाई, गहाण पडे, आणि त्यावरून पिढ्यान्पिढ्या तंटे चालत. त्याच्या जोडीचा संस्कृत शब्द ‘वृत्ती’ हा होय. उपजीविका आणि मनाचा कल हे दोन्ही अर्थ त्या एकाच शब्दात नांदतात. माणूस जे करून जगतो तसाच तो असतो, अशी समजूत त्यामागे दिसते.

याच्या शेजारी ‘नोकर’ हा शब्द ठेवून पाहावा. हा मूळचा मोंगोल भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ सोबती, सरदाराचा साथीदार असा होता. फारसीतून तो हिंदुस्थानात आला, आणि साथीदाराचा हळूहळू चाकर झाला. वेतनाच्या शब्दांतही असेच थर आहेत. ‘मुशाहिरा’ हा अरबी शब्द, त्यात महिना या अर्थाचा धातू आहे, ‘वेतन’ संस्कृत, आणि आज सर्वांच्या तोंडी असलेला ‘पगार’ हा पोर्तुगीज भाषेतील देणे या अर्थाच्या क्रियापदापासून किनारपट्टीच्या वाटेने मराठीत आला. वतन आणि वृत्ती हे शब्द हक्क सांगतात. मुशाहिरा आणि पगार हे शब्द फक्त मोबदला सांगतात. एकोणिसाव्या शतकात कारकुनाने जो प्रवास केला तो थोडक्यात पहिल्या जोडीकडून दुसऱ्या जोडीकडे केलेला प्रवास होय.

४

१८१८ मध्ये इंग्रजी अंमल बसला तेव्हा या पेशात एकदम उलथापालथ झाली नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी, आधी दख्खनचे कमिशनर आणि नंतर १८१९ ते १८२७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर या नात्याने, जुनी घडी शक्य तितकी राखण्याचे धोरण ठेवले. नव्या सरकारास मोडी वाचता येत नव्हती. वसुलीचा आधार तर मोडी कागदच होते. म्हणून जुन्या कारकुनाची गरज होती. मामलेदार, शिरस्तेदार, महालकरी, अव्वल कारकून ही पदनामेही दीर्घकाळ टिकली. ज्यांना हेही नको होते त्यांना दुसऱ्या वाटा होत्या. सातारचे राज्य १८४८ पर्यंत चालू होते. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील दरबारांत मोडी दप्तरे चालूच होती. दूर तंजावरासही भोसल्यांचे मोडी दप्तर १८५५ मध्ये ते संस्थान खालसा होईपर्यंत चालत होते. तेव्हा १८१८ नंतरची पहिली पिढी आपले कसब न बदलता, केवळ ठिकाण बदलून निभावून गेली असे म्हणता येईल.

नावे टिकली, पण नाते पालटले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी मामलती मक्त्याने दिल्या जात. नव्या अमलात मामलेदार ठराविक पगारी झाला. बदली ही गोष्ट नियमाची झाली. ज्या गावाचे दप्तर त्या गावच्या माणसाकडे, ही जुनी रीत. ज्या गावाशी संबंध नाही त्या गावचे दप्तर सांभाळणे, ही नवी रीत. पेन्शन हा शब्दही याच ओघात रूढ झाला, आणि त्याबरोबर आयुष्याचा एक नवा टप्पा निर्माण झाला. वतनात निवृत्ती नसते. बापाचा हात थरथरू लागला की मुलगा बोरू उचलतो, एवढेच. वय झाले म्हणून काम थांबावे आणि तरीही पैसा मिळावा, ही कल्पना वतनदारी समाजास अपरिचित होती.

येथे एका सोयीच्या समजुतीचा निरास केला पाहिजे. जुन्या कारकुनाने नवा काळ ओळखला, तो लवचिक होता, म्हणून तो तरला, असे म्हणण्याचा मोह होतो. पुरावा तसा नाही. त्याने पहिली तीस-चाळीस वर्षे फारसे काही नवे शिकून घेतले नाही. नव्या सत्तेसच जुनी लिपी आणि जुना हिशेब हवा होता, म्हणून तो तरला. जुळवून घेण्यासाठी वेळ मिळणे हीच मोठी अनुकूलता असते. तो वेळ त्याला मिळाला.

५

खरा घाव आला तो लिपीच्या बाजूने, आणि तोही सावकाश. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघाले. त्यांचा मराठी कोश १८१० मध्ये श्रीरामपुरास मोडी टाइपांत छापला गेला. म्हणजे मोडी छापता येत नव्हती असे नाही. तरीही छापखाना, शाळा आणि व्याकरण या तिघांनी बालबोधाची निवड केली. बालबोध म्हणजे बालकासही बोध होईल अशी. ही लिपी पूर्वी पोथीची होती, दप्तराची नव्हती. सुटी अक्षरे, सरळ कणा, प्रत्येक अक्षर स्वतंत्र, असे तिचे रूप खिळ्यांस मानवणारे होते. मोडी ही हाताच्या गतीची लिपी. खिळा गती जाणत नाही.

यातून जो परिणाम झाला तो भाषाभ्यासकाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. मोडीत इकार-उकारांचा ह्रस्व-दीर्घ भेद पाळला जात नसे. शब्द तोडून लिहिण्याची रीत नव्हती, विरामचिन्हेही नव्हती. कारकुनास त्यांची उणीव भासत नव्हती, कारण वाचणारा दुसरा कारकूनच असे. पुढे दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. मेजर थॉमस कँडी यांनी शालेय पुस्तकांची भाषा तपासताना विरामचिन्हांचा प्रसार केला. आणि ‘शुद्ध’ मराठी ही एक मोजता येण्याजोगी वस्तू झाली. ज्याने तीस वर्षे निर्वेधपणे लिहिले, तो कारकून एका पिढीत ‘अशुद्ध’ लिहिणारा ठरला. त्याचे कसब कमी झाले नव्हते. कसब मोजण्याचे माप पालटले होते. पेशांच्या इतिहासात ही घटना वारंवार आढळते. माणूस अडाणी होत नाही, त्याला अडाणी ठरविणारी परीक्षा नव्याने जन्मास येते.

परीक्षा हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, आणि त्याचे पहिले पदवीधर १८६२ मध्ये बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. खालच्या पायरीवर मराठी शाळेची ‘फायनल’ आणि वर मॅट्रिक, अशी दारे उभी राहिली. उमेदवारीची जागा प्रमाणपत्राने घेतली. आप्ताच्या मागे बसून शिकलेल्यास त्या दारातून आत जाता येईना. पुढे १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बालबोधाचा अवलंब करण्याचे ठरविले. शाळांतून मोडी शिकविणे मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रेंगाळले. म्हणजे पेशवाईच्या अस्तापासून जवळजवळ शंभर वर्षांनी हाताच्या कसबाचा अधिकृत शेवट झाला.

६

कारकुनाच्या शेजारी शास्त्र्याची स्थिती ठेवली असता हा विचार अधिक स्पष्ट होतो. शास्त्र्याची वृत्ती दक्षिणेवर होती. पेशवे श्रावणमासी जी दक्षिणा वाटीत, तिचा निधी इंग्रजी अमलातही चालू राहिला. १८२१ मध्ये पुण्यास विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथांच्या उत्तेजनाकडे वळवावा असा अर्ज १८४९ मध्ये पुण्यातील सुधारणावाद्यांनी केला. त्यांत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख होते. त्यांचे वडील पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या पदरी होते, आणि ते स्वतः सरकारी भाषांतरकाराच्या जागेवरून न्यायखात्यात चढत गेले. पेशवाईची चाकरी आणि इंग्रजीची नोकरी यांमधले अंतर अशा घराण्यात एका पिढीत ओलांडले गेले.

शास्त्र्यांपैकी काहींनी आपली विद्या नव्या कामास लावली. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. त्या कोशामागे शास्त्रीमंडळींचे शब्दसंग्रहाचे श्रम होते. त्याआधी १८२९ मध्ये पंडितांनी रचलेला मराठी-मराठी कोश निघाला होता. कोशरचना हा उद्योग पाठशाळेत शिकविला जात नव्हता. पण शब्दाची व्युत्पत्ती, अर्थच्छटा आणि प्रयोग यांकडे पाहण्याची जी सवय व्याकरणाने लागते, ती तेथे उपयोगी पडली. कृष्णशास्त्री चिपळूणकर (१८२४–१८७८) हे याचे ठळक उदाहरण. पाठशाळेत संस्कृत शिकून त्यांनी नंतर इंग्रजी आत्मसात केली. भाषांतरकार, दक्षिणा प्राइझ कमिटीचे चिटणीस आणि शिक्षक तयार करणाऱ्या विद्यालयाचे प्रमुख, अशी कामे त्यांनी केली. येथे ‘चिटणीस’ शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. राजाची पत्रे लिहिणारा वंशपरंपरागत अधिकारी हा त्याचा जुना अर्थ. सभेने नेमलेला कार्यवाह हा नवा. माणूस आणि शब्द दोघांनीही एकाच वेळी काम पालटले.

कृष्णशास्त्र्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी सरकारी शाळेतील नोकरी सोडली आणि १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल काढले. बापाने वृत्ती सोडून नोकरी धरली, मुलाने नोकरी सोडून संस्था उभारली. पन्नास वर्षांपूर्वी ज्या नोकरीचे आकर्षण होते ती नोकरीच बंधन वाटू लागावी, इतक्या वेगाने कामाविषयीची कल्पना पालटत होती.

७

आतापर्यंतचे विवेचन लेखणी हाती असलेल्यांचे झाले. ते येथेच थांबविले तर चित्र खोटे होईल. ज्या गावात कुलकर्णी वतनदार होता त्याच गावात महारही वतनदार होता. शब्द एकच, परंतु त्याचा आशय पूर्णतः वेगळा. सरकारी निरोप पोचविणे, वसुलीच्या भरण्याबरोबर चालत जाणे, चावडीवर माणसे बोलावून आणणे, मेलेली जनावरे ओढणे, ही कामे त्याच्या वतनास जोडलेली होती, आणि हाक येईल त्या वेळी ती करावी लागत. मोबदला म्हणजे थोडी जमीन आणि बलुते. कुलकर्ण्याचे वतन त्याला गावावर सत्ता देत होते. महाराचे वतन गावाला त्याच्यावर सत्ता देत होते. इंग्रजी सरकारने १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने हे हक्क आणि ही बंधने कायद्यात गोठविली.

अशा माणसास काम पालटण्याचा मार्ग कोणता होता? एक मार्ग सैन्याचा होता. सैन्यात जाणाऱ्या महारांना आणि त्यांच्या मुलांना तेथील शाळांतून अक्षरओळख झाली. ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त सैनिक होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली आणि हा मार्गही मिटला. कारकुनास जुळवून घेण्यासाठी शंभर वर्षे मिळाली. येथे उघडलेले दार एका हुकमाने लागले.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जे निवेदन केले ते या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, अशी मागणी त्यांनी केली. त्या शिक्षणात काय असावे हे सांगताना त्यांनी मोडी आणि बालबोध या दोन्ही लिपींचे लेखन-वाचन, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान यांचा उल्लेख केला. यातील मोडीचा उल्लेख सहज झालेला नाही. शेतकऱ्याची जमीन, त्याचे कर्ज आणि त्याचा सारा हे सर्व मोडीत लिहिलेले होते, आणि ते वाचणारा दुसराच कोणी होता. कारकुनाचे कसब ज्याच्यावर चालविले जात होते, त्याच्या हाती ते कसब द्यावे, अशी ही मागणी होती. ती वेळीच पुरी झाली असती तर या पेशाचा इतिहास निराळा झाला असता.

विसाव्या शतकात वतनाची गाठ सुटली, पण ती कायद्यानेच सोडवावी लागली. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. महार वतनाची जुनी पद्धतही त्यांनी त्याच सुमारास मोडली. मुंबई कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये महार वतनाविषयी दुरुस्ती विधेयक मांडले. ते पुढे मागे घ्यावे लागले. मुंबई राज्यात परगणे व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० चा आहे. महार वतनासारखी ‘कनिष्ठ’ म्हटली गेलेली गाव-वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा आहे. या दोन सनांमधील अंतर बोलके आहे. ज्याला वतन सोडण्याची सर्वाधिक निकड होती त्यालाच ते सर्वांत शेवटी सोडता आले. माणसे काळाशी जुळवून घेत नाहीत म्हणून मागे राहतात, हा आरोप करण्यापूर्वी त्यांना जुने काम सोडण्याची मोकळीक होती काय, हे विचारावे लागते.

८

स्वातंत्र्योत्तर काळातील पालट आपल्या अधिक परिचयाचे आहेत. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय निघाले आणि १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ प्रसिद्ध झाला. कारकुनाचा लिपिक झाला, टायपिस्टचा टंकलेखक, स्टेनोचा लघुलेखक. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमात मामलेदाराच्या जागी तहसीलदार आला, पण पुण्यातील लोकांच्या बोलण्यात ‘मामलेदार कचेरी’ राहिलीच. टंकलेखकाचे यंत्रही पुढे अडगळीत गेले. २००१ पासून संगणकाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम गावोगाव सुरू झाला, आणि कित्ता गिरविण्याची नवी रीत आली. बोरूचे कसब शंभर वर्षांत संपले. टंकयंत्राचे त्याहून बरेच लवकर. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने उमेदवारास विद्यावेतन देऊ केले. तरी अनुभवाच्या मोबदल्यात विनावेतन राबणारा उमेदवार आजही अनेक क्षेत्रांत भेटतो. त्याचे इंग्रजी नाव नवे आहे. त्याची आशा आणि त्याचे घरचे अन्न या दोन गोष्टी मात्र पेशवाईतल्याच आहेत.

आता तिसऱ्या अंगाविषयी. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी बडोदे संस्थानात १८८९ ते १९२५ पर्यंत नोकरी केली. निवृत्तीनंतर त्यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात संपादित केले. त्या खंडांमागे मोडी वाचणाऱ्यांचे श्रम आहेत. पेशा म्हणून मोडी संपत आली असताना इतिहासाचे साधन म्हणून तिचे मोल वाढले. आणखी अलीकडचे उदाहरण २०२३ चे आहे. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामासाठी राज्यभर जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची एकाएकी गरज भासली. त्या विषयाच्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. एवढेच दिसते की, ज्या कसबास निरुपयोगी म्हणून अभ्यासक्रमातून काढले, त्याच्यावर लक्षावधी लोकांचे हितसंबंध एके दिवशी येऊन ठेपले.

मोडी यंत्राकडून वाचवून घेण्याचे प्रयत्न आता चालू आहेत, आणि ते यशस्वी होवोत. यंत्राने अक्षर लावले तरी काम संपत नाही. हा कागद अस्सल की नक्कल, ‘छ’च्या पुढचा आकडा कोणत्या महिन्याचा, बेरजेत मुद्दाम काय गाळले आहे, हे प्रश्न अक्षर लागल्यानंतरच सुरू होतात. हुजूर दप्तरातील अनुभवी कारकून ज्या प्रश्नांसाठी ओळखला जाई ते हेच. हात गेला, परिभाषा पालटली, पण कागदास प्रश्न विचारण्याची दृष्टी बोरूकडून खिळ्याकडे आणि खिळ्याकडून पडद्याकडे येताना हरवली नाही.

आमच्या विभागातील विद्यार्थी दरवर्षी विचारतात की, हे शिकून पुढे काय. प्रश्न रास्त आहे आणि त्याला सुभाषिताने उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे होईल. कारकुनी पेशाचा इतिहास दोन गोष्टी सांगतो. पहिली विद्यार्थ्यांस : आपल्या विद्येतील हाताचा भाग कोणता, परिभाषेचा कोणता आणि माहितगारीचा कोणता, हे वेळीच ओळखावे, पहिले दोन मन लावून शिकावे, पण भरवसा तिसऱ्यावर ठेवावा. दुसरी आम्हा शिकविणाऱ्यांस आणि संस्थांस : जुळवून घेणे हा गुण असला तरी त्याला वेळ लागतो, अन्न लागते आणि दार उघडे लागते. ही तीन ज्यांस मिळाली त्यांची नावे आपल्या इतिहासात आहेत. ज्यांस मिळाली नाहीत त्यांची नोंदही याच दप्तरात आहे, परंतु ती दुसऱ्याच्या अक्षरात आहे. ती वाचून काढण्याचे काम अद्याप पुष्कळ शिल्लक आहे.